पडवी व भिंत यांच्या सांध्यातील पाणी

ओझर व आसपासच्या बाणगंगाकाठच्या गावांत शेतकऱ्याचे घर सहसा एका वेळी बांधून पुरे होत नाही. मूळ घर वडिलार्जित असते. काळ्या दगडाचे जोते, त्यावर मातीची अगर विटांची जाड भिंत आणि वर धाबे, कौले किंवा पत्रे अशी त्याची ठेवण असते. पुढे कुटुंब वाढते, माल वाढतो, आणि घराच्या पुढल्या वा मागल्या भिंतीस लागून एक पडवी उतरविली जाते. पडवीखाली ओटा येतो. त्या ओट्यावर कांदा निवडणे, खताच्या गोण्या ठेवणे, आल्यागेल्यास बसविणे ही सर्व कामे होतात. अशा रीतीने घर व पडवी यांचा संसार एक होतो खरा, परंतु त्यांची बांधणी मात्र एक होत नाही. दोहोंमध्ये एक सांधा राहतो, आणि घरात शिरणाऱ्या पाण्याची वाट बहुधा त्या सांध्यातूनच जाते.

या सांध्याचा बंदोबस्त कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. सर्व विवेचनाचे सार प्रथमच सांगून टाकतो. हा सांधा बुजवू नये, तो झाकावा. बुजविणे व झाकणे यांत काय भेद आहे आणि त्या भेदावर भिंतीचे आयुष्य कसे अवलंबून आहे, हे पुढील मजकुरावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

थोड्या पावसाचा फसवा भरवसा

आपल्या जिल्ह्यात इगतपुरीकडे वर्षास ३००० मिलीमीटरांच्या घरात पाऊस पडतो. निफाड तालुका पर्जन्यछायेत येत असल्यामुळे आपल्या वाट्यास साधारण ५०० ते ६०० मिलीमीटर एवढाच येतो. डोंगरपट्ट्यातील मनुष्य घर बांधावयास निघाला म्हणजे प्रथम वळचणीचा विचार करतो. आपण मात्र ‘आपल्याकडे पाऊस तो किती’ असे म्हणून तो विचार शेवटावर टाकतो. हा भरवसा फसवा आहे. वर्षाचा पाऊस थोडा असला तरी तो मोजक्या दिवसांत व जोराच्या सरींनी पडतो. शिवाय तो ऋतूही पाळीत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्यात गारांसह जो अवकाळी पाऊस झाला, त्याने द्राक्षबागांची काय दशा केली हे येथील शेतकऱ्यांस निराळे सांगावयास नको. असा पाऊस बागेवर पडतो तसाच घरावरही पडतो.

थोडा हिशोब करून पाहावा. घराचे एक पाखे ३० फूट लांब व १५ फूट रुंद धरले, तर एक इंच पावसात त्यावरून एक हजार लिटरांहून अधिक पाणी खाली येते. दोनशे लिटरांची पाच पिंपे भरून ते उरेल. मुख्य छपराची वळचण तोकडी असली, तर यांतील बरेचसे पाणी भिंतीवरून ओघळत थेट पडवीच्या माथ्यावर, म्हणजे सांध्याच्या तोंडाशीच येऊन पडते. मग पाऊस पाचशे मिलीमीटरांचा असो की तीन हजारांचा, सांध्याच्या दृष्टीने तो पुष्कळच होय.

सांधा का उघडतो

पुष्कळांची अशी समजूत असते की, फट पडली म्हणजे गवंड्याने काम वाईट केले. तसे दरवेळी नसते. जुन्या घराचा पाया मुरमापर्यंत नेलेला असतो आणि कित्येक वर्षांच्या भाराने तो बसून गेलेला असतो. नवा ओटा मात्र बहुधा वरच्या काळ्या जमिनीवरच भराव टाकून घातलेला असतो. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. तिच्यावरील ओटा वर्षातून एकदा उचलला जातो व एकदा खाली बसतो. घराची भिंत मात्र जागची हलत नाही. मग दोहोंच्या मध्ये फट पडणारच.

वरच्या अंगास पत्र्याची गोष्टही अशीच आहे. पौषातील पहाटे गार पडलेला पत्रा आणि वैशाखातील दुपारी तापलेला पत्रा यांच्या उष्णतेत ५० अंशांचे अंतर सहज पडते. तेवढ्या अंतराने १२ फूट लांबीचा लोखंडी पत्रा दोन मिलीमीटरांहून अधिक वाढतो. दिसावयास ही वाढ क्षुल्लक आहे, परंतु पत्रा व भिंत यांच्या कोनात थापलेला सिमेंटाचा गिलावा तेवढ्यानेच तडकतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा थापला तर पुन्हा तडकतो. जी वस्तू निसर्गतः हलणार तिला कठीण पदार्थाने जखडून ठेवणे व्यर्थ आहे. म्हणून सांधा बुजवू नये असे वर म्हटले आहे.

पाणी शिरण्याच्या चार वाटा

पहिली वाट सरळ वरून खाली पडण्याची. ती सर्वांस दिसते. दुसरी वाट चिकटून चालण्याची. पत्र्याच्या किंवा फरशीच्या कडेवरून पाणी लगेच खाली न गळता कडेच्या खालच्या अंगास चिकटून आत वळते. दोन पत्रे एकमेकांवर अगदी थोडे चढविले असतील, तर त्यांच्या बारीक फटीतूनही ते मागे सरकते. तिसरी वाट शोषली जाण्याची. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी माती व वीट ही दोन्ही खालचे पाणी वर ओढतात. ओट्याच्या सांध्यात साचलेले पाणी या रीतीने भिंतीत हातभर, क्वचित त्याहूनही वर चढते. चौथी वाट शिंतोड्यांची. पागोळीचे पाणी फरसबंद ओट्यावर आदळून भिंतीच्या पायथ्यास सतत भिजवीत राहते. उपाय करणाऱ्याने या चारही वाटा ध्यानात ठेवाव्यात, कारण एक बंद केली म्हणजे दुसरी आपोआप बंद होत नाही.

हानी कोणती होते

मातीची भिंत कोरडी असेतोवर मोठा भार सहज पेलते. तीच पायथ्याशी भिजली म्हणजे तिचे बळ झपाट्याने घटते, आणि वरचा भार कायम असल्यामुळे ती बसते किंवा फुगून बाहेर येते. भिंतीत टेकलेल्या तुळयांच्या टोकांची गोष्ट याहून वाईट. सुक्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याहून अधिक ओल त्यात टिकून राहिली, म्हणजे त्यास कुज धरते. तुळईचे दिसणारे अंग धडधाकट असते, आणि भिंतीच्या आतील वीतभर टोक भुसा झालेले असते. ओलीमागून वाळवी येते. ओट्याच्या भरावातून निघून ती याच सांध्याने वर चढते, आणि फट गिलाव्याने झाकलेली असल्यामुळे कोणाच्या नजरेस पडत नाही. भिंतीस लागून ठेवलेला कांदा सडतो, खताच्या गोण्यांचे गोळे होतात. त्याच भिंतीवर विजेची पाटी असेल तर माणसाच्या जिवासही धोका पोहोचतो.

दूरदेशचे एक उदाहरण

आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांतील मुले आता अमेरिकेत राहतात. तिकडे घराच्या मागील अंगास लाकडी फळ्यांचा एक उघडा ओटा असतो, त्यास ते ‘डेक’ म्हणतात. त्याची एक आडवी तुळई घराच्या भिंतीस पेचांनी जखडलेली असते. ही तुळई व भिंत यांमध्ये पाणी मुरले की लाकूड कुजते आणि पेच सुटतात. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात एका इमारतीचा सज्जा माणसांसह कोसळला. सहा जण प्राणास मुकले व सात जखमी झाले. इमारत जुनी नव्हती, परंतु भिंतीतून बाहेर काढलेल्या सज्ज्याच्या तुळया आत कोंडलेल्या पाण्याने कुजून गेल्या होत्या. पुढे २०१८ साली त्या राज्याने कायदा करून अनेक बिऱ्हाडांच्या भाड्याच्या इमारतींतील अशा सज्ज्यांची दर सहा वर्षांनी तपासणी सक्तीची केली.

तेथील जाणते सुतार दोन उपाय सांगतात. एक असा की, भिंतीच्या आवरणामागून निघून तुळईच्या माथ्यावरून पुढे उतरणारी पत्र्याची पट्टी बसवावी, म्हणजे भिंतीवरून आलेले पाणी तुळईच्या मागे न जाता पुढे पडते. दुसरा असा की, डेक भिंतीस जखडूच नये, त्यास स्वतःचे खांब द्यावेत. हे दोन्ही उपाय आपल्या पडवीसही जसेच्या तसे लागू पडतात.

वरचा सांधा : पडवीचे छप्पर व भिंत

सर्वांत उत्तम योजना ही की, पडवीचा माथा मुख्य छपराच्या वळचणीखाली घ्यावा. वळचण सांध्याच्या पुढे निदान दीड फूट आली, तर छपराचे पाणी सांध्यावर पडतच नाही. उंची पुरत नसल्यास मुख्य छपरास पन्हळ लावून त्याचे पाणी बाजूस काढावे.

जेथे वळचण मिळत नाही, तेथे जस्ती पत्र्याची पट्टी बसवावी. पट्टी सुमारे १४ इंच रुंद घ्यावी. तिचा ६ इंच भाग भिंतीस चढता, ६ इंच भाग पडवीच्या पत्र्यांवर उतरता आणि वरची उरलेली कड भिंतीत आडव्या कापलेल्या खाचेत, अशी तिची घडी असावी. खाच विटांच्या दोन थरांमधील दर्जेत कापावी व पट्टीची कड आत गेल्यावर चुन्याने भरून घ्यावी. ताजे ओले सिमेंट जस्तास खाते, म्हणून कडेस आधी रंगाचा हात द्यावा. पट्टी भिंतीस पक्की करावी, मात्र पडवीच्या पत्र्यास ठोकू नये. तिने पत्र्यावर नुसते पांघरूण घालावयाचे आहे. म्हणजे पत्रा खाली आपल्या मर्जीप्रमाणे वाढो वा आकसो, वरचे झाकण ढळत नाही. बुजविणे व झाकणे यांतील भेद तो हाच.

पट्टीचे तुकडे जोडावे लागल्यास ते एकमेकांवर ६ इंच चढवावेत, आणि वरच्या तुकड्याचे तोंड पश्चिमेच्या वाऱ्याकडे येऊ देऊ नये. पडवीच्या छपरास उतार निदान पाच फुटांस एक फूट असावा. त्याहून कमी उतारावर पाणी रेंगाळते व वाऱ्याच्या जोराने मागे सरकते.

मातीच्या भिंतीत खाच टिकत नाही. तेथे सांध्याच्या वर भिंतीत चपट्या दगडाचा किंवा शहाबादी फरशीच्या पट्ट्यांचा एक थर चुन्यात बसवावा. तो बाहेरच्या अंगास किंचित उतरता व दोन-तीन इंच पुढे आलेला असावा, आणि पत्र्याची पट्टी त्याच्या खाली सरकवावी.

वासे व तुळया यांसंबंधी एवढेच सांगावयाचे की, नवी पडवी घालताना जुन्या भिंतीत भोके पाडून तीत टोके गाडण्यापेक्षा भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून स्वतंत्र खांबांची ओळ उभी करणे केव्हाही श्रेयस्कर. खर्च थोडा वाढतो, पण पडवी हलली तरी भिंतीस धक्का लागत नाही, आणि भिंत भिजली तरी लाकूड शाबूत राहते. वादळवाऱ्याने छप्पर उचलले जाऊ नये म्हणून खांब पायात नीट रोवून वरच्या तुळईस पट्ट्यांनी आवळलेले असावेत. टोक भिंतीत घालणे अपरिहार्यच असेल, तर त्याखाली सपाट दगड द्यावा, बाजूंस बोटभर मोकळी हवा ठेवावी, आणि ते चारी बाजूंनी गाऱ्यात लिंपून टाकू नये.

खालचा सांधा : ओटा व भिंत

ओट्याविषयी पहिला नियम उंचीचा. ओट्याची फरशी घरातील जमिनीपेक्षा निदान ६ इंच खाली असावी. नव्या घरांत जोत्यावर ओल अडविणारा थर घातलेला असतो. ओट्याचा भराव त्याच्या वर गेला, तर ओल त्या थरास वळसा घालून भिंतीत शिरते आणि थरासाठी केलेला खर्च फुकट जातो. ‘ओटा व घर एका पातळीत दिसले म्हणजे शोभा येते’ या हौसेपायी पुष्कळ चांगल्या भिंती बिघडल्या आहेत.

दुसरा नियम भरावाचा. वरची काळी माती काढून टाकावी व मुरूम घालावा. तोही एकदम न लोटता सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुमसाने ठोकून बसवावा. भराव पोकळ राहिला तर ओटा पुढे घराकडेच खचतो, आणि मग उतार उलटा होतो.

तिसरा नियम उताराचा. उतार भिंतीपासून बाहेर, फुटास पाव इंच असावा. ८ फूट रुंदीच्या ओट्यास म्हणजे एकंदर २ इंच. हा उतार डोळ्यांच्या अंदाजाने न ठेवता पाणसळ लावून तपासावा.

चौथा नियम सांध्याचा. ओट्याचे काँक्रीट भिंतीस भिडवू नये. मध्ये अर्धा इंच फट मुद्दाम ठेवावी, तीत डांबरात भिजविलेली सुतळी ठासून बसवावी व वर मऊ डांबर ओतावे. त्यानंतर भिंतीच्या पायथ्यास शहाबादी फरशीची वीतभर उंच पट्टी उभी लावावी. ही पट्टी केवळ भिंतीस चिकटलेली असावी. तिची खालची कड फटीच्या पुढे यावी आणि ओट्यापासून थोडी अधांतरी राहावी. म्हणजे ओटा वरखाली झाला तरी पट्टी फुटत नाही, शिंतोडे भिंतीस लागत नाहीत, आणि वाळवीची माती चढू लागल्यास डोळ्यांस दिसते.

येथे एक खुलासा अवश्य आहे. सिमेंटाच्या पक्क्या गच्चीवर तळ व कठडा यांच्या कोनात गवंडी जो गोलसर ‘वाटा’ काढतात, तो योग्यच आहे. तेथे तळ व कठडा एकाच बांधणीचे असून बरोबरच हलतात. तोच वाटा जुनी भिंत व नवा ओटा यांमध्ये काढला, तर तो पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो आणि त्यामागे पाणी साठविणारी खोबण तयार होते.

प्रचारातील दोन चुकीचे उपाय

भिंत ओलसर दिसू लागली की तिला बाहेरून सिमेंटाचा जाड गिलावा करण्याची वहिवाट पडली आहे. मातीच्या भिंतीस हा उपाय घातक आहे. सांध्यातून शिरलेले पाणी पूर्वी भिंतीच्या अंगावाटे सुकून जात असे, ते आता आतच कोंडते. गिलावा वरून नीटनेटका व आतील माती चिखल, अशी अवस्था होते. मातीच्या भिंतीस मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच हितकर.

दुसरा उपाय पत्रा व भिंत यांच्या कोनात वरून डांबर फासण्याचा. उन्हाने ते दोन वर्षांत वाळते व चिरते, आणि चिरेत गेलेले पाणी बाहेर पडू देत नाही. डांबराची जागा फटीच्या आत, सावलीत आहे. उघड्यावर त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

परीक्षा केव्हा व कशी करावी

मृगाच्या आधी वैशाखात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा सांध्याची तपासणी करावी. झारीने पाणी सोडावे, पण एकदम वर सोडू नये. प्रथम पत्र्यांवर खालच्या बाजूस, काही वेळाने पट्टीवर, नंतर पट्टीच्या वर भिंतीवर अशा क्रमाने, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे सोडावे व आत एकाने पाहत राहावे. ज्या टप्प्यास ओल दिसेल तेथेच दोष आहे असे समजावे. भेग जुनी व थांबलेली आहे की अजून चालू आहे, हे जाणण्यासाठी तिच्यावर चुन्याचा एक पातळ ठिपका आडवा लावून त्यावर तारीख घालावी. पावसाळ्यानंतर ठिपका तडकलेला आढळल्यास हालचाल चालू आहे असे जाणावे. तुळईच्या टोकाशी बारीक टोच्या दाबून पाहावा. तो सहज आत गेल्यास विलंब न करता तुळईस टेकू द्यावा व मग दुरुस्तीस लागावे.

सरकारी मदतीचा विचार

महसूल खात्यातील कामात घरपडीचे पंचनामे पुष्कळ पाहावयास मिळाले, म्हणून या बाबतीत दोन शब्द लिहिणे उचित वाटते. पंचनाम्यात कारण म्हणून बहुधा ‘अतिवृष्टी’ हा शब्द पडतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी मानण्याचा प्रघात आहे. परंतु पाच वर्षे सांध्यातून भिजत आलेली भिंत पडावयास तेवढ्या पावसाची वाट पाहत नाही. ती श्रावणातील साध्या रिमझिमीतही खाली बसते, आणि मग मदतीचा आधार डळमळीत होतो. मदत मिळाली तरी ती किती? केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांत घराच्या अंशतः पडझडीस, ती किमान १५ टक्के असल्यास, पक्क्या घरास ६५०० रुपये व कच्च्या घरास ४००० रुपये अशी रक्कम होती. एवढ्यात भिंतीचा एक खणही उभा राहत नाही. भिंतीखाली गुरे किंवा माणूस सापडले तर ती हानी कोणत्याही रकमेने भरून निघत नाही. सबब पट्टीस व पन्हळीस लागणारा पैसा हा खर्च न समजता घराचा विमा समजावा.

ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात पाणीवापर संस्था उभारून वाघाडच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत कसे न्यावे, हे महाराष्ट्रास दाखवून दिले. चारीस उतार किती, पाणी कोठे वळते, कोठे मुरते, हे ज्यांस शिवारात कळते त्यांस ते घराच्या भिंतीशी कळणे काहीच अवघड नाही. पाण्यास अडवून ते थांबत नाही, त्यास वाट दाखवावी लागते. येत्या वैशाखात सुताराची व गवंड्याची सवड पाहून प्रत्येकाने आपल्या पडवीचा सांधा वरून व खालून एकदा नीट तपासावा, एवढीच सर्व शेतकरी बंधूंस विनंती आहे.